अप्पर-इंटरमीडिएट इंग्रजी व्याकरण: क्रियापदाची निवड कशी पक्की करायची

बारा काळांचा तक्ता पाठ आहे, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह डोळे मिटून करता येतं, बारावीला इंग्रजीत बरे गुणही पडलेत. तरी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या निबंधात ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ हे वाक्य येतंच. सोलापूर असो, बार्शी असो की पंढरपूर, वही कुणाचीही उघडा. डोक्यात ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ असं मराठी वाक्य तयार असतं आणि ‘होतो’ दिसलं की हात ‘हॅड’ लिहून मोकळा होतो. तक्त्यात ही चूक दिसत नाही, कारण ‘हॅड गॉन’ हे रूप बरोबरच आहे. चुकली ती निवड.

पदवीच्या इंग्रजीची सगळी मेख इथे आहे. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजपट्टीत ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या आहेत. अप्पर-इंटरमीडिएट म्हणजे त्यातली बी-टू, खालून चौथी. या पातळीवर नवीन रूपं फार नसतात. फ्युचर परफेक्ट, मिक्स्ड कंडिशनल, ‘मस्ट हॅव’ प्लस तिसरं रूप, ‘हॅव समथिंग डन’ अशी मोजकीच. बाकी सगळं शाळेत होऊन गेलेलं असतं. आता शिकायचं ते दोन बरोबर रूपांपैकी इथे कोणतं घ्यायचं. त्यासाठी आपलं मराठी वाक्य कुठे दगा देतं, हे आधी ओळखावं लागतं.

आधी चुकांची वर्गवारी

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू करू नका. तीस मिनिटं लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि साधारण 250 शब्द लिहा. विषय असा घ्या की भूत, वर्तमान आणि भविष्य तिन्ही यावेत. ‘सोलापूरची गड्ड्याची यात्रा पूर्वी कशी होती, आता कशी आहे, पुढच्या जानेवारीत मी काय करणार’ हा चांगला चालतो. ‘माय फेव्हरिट पर्सन’ नको. त्यात सगळी वाक्यं ‘इज’वर संपतात आणि काहीच कळत नाही.

लिहून झालं की प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. एवढ्या मजकुरात तीसच्या आसपास निघतील. आता चुका तीन रंगांनी खुणवा. रूपच चुकलं असेल तर लाल: ‘डिडन्ट वेंट’, ‘शी गो’. रूप बरोबर पण जागा चुकली असेल तर निळा: ‘हॅड गॉन यस्टर्डे’. काळ बरोबर आहे पण क्रियापदाला जोडलेलं पुढचं शेपूट चुकलंय, तर हिरवा: ‘ही सजेस्टेड मी टु गो’. खुणा स्वतः केल्यावर प्राध्यापकांना किंवा वरच्या वर्गातल्या कुणाला एकदा दाखवा, कारण निळ्या चुका आपल्या आपल्याला दिसत नाहीत.

हे रंग हौसेसाठी नाहीत. लाल चूक तोंडपाठ करून जाते, निळी मराठीशी ताडून पाहिल्याने जाते आणि हिरवी शब्दकोशातून जाते. तिन्हींवर एकच औषध, म्हणजे ‘ग्रामरचं पुस्तक सोडवणे’, लावलं की वर्ष जातं आणि निबंध आहे तिथेच राहतो.

लाल चुका: हे पटकन उरका

अनियमित क्रियापदं एबीसीडीच्या क्रमाने पाठ करू नका. आवाजाच्या गटाने करा. ‘पुट, कट, हर्ट, कॉस्ट, शट’ बदलतच नाहीत. ‘ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट’च्या मागे ‘थिंक, बाय, टीच, कॅच’ येतात. ‘सिंग-सँग-संग’च्या चालीवर ‘ड्रिंक, रिंग, स्विम, बिगिन’ बसतात. ‘राइट-रोट-रिटन’, ‘स्पीक-स्पोक-स्पोकन’, ‘वीव्ह-वोव्ह-वोव्हन’ यांचं तिसरं रूप ‘न’वर संपतं. ‘कम-केम-कम’ आणि ‘रन-रॅन-रन’ पहिल्या रूपावर परत येतात. तिसरं रूप नुसतं म्हणू नका, ‘हॅव’ लावून म्हणा: ‘हॅव रिटन’, ‘हॅव बिगन’. मग ‘आय हॅव रोट’ कानालाच खटकायला लागतं. रोज दहा, दोन आठवड्यांत रोजच्या वापरातली सगळी होतात.

काही जोड्या मात्र वेगळ्या काढून ठेवा. ‘फाइंड-फाउंड-फाउंड’ म्हणजे सापडणे आणि ‘फाउंड-फाउंडेड-फाउंडेड’ म्हणजे स्थापन करणे. ‘सोलापूर युनिव्हर्सिटी वॉज फाउंड इन 2004’ लिहिलंत तर विद्यापीठ कुठेतरी हरवलं होतं आणि 2004 मध्ये सापडलं, असा अर्थ होतो. ‘फॉल-फेल-फॉलन’ आणि ‘फील-फेल्ट-फेल्ट’ यांचीही अशीच गल्लत होते. ‘राइज-रोझ-रिझन’ आपोआप वर जाण्याचं, ‘रेझ-रेझ्ड-रेझ्ड’ कुणीतरी वर नेण्याचं: ‘प्राइसेस रोझ’, पण ‘दे रेझ्ड द प्राइस’. ‘लाय-ले-लेन’ आणि ‘ले-लेड-लेड’ही याच धर्तीवर.

नियमित क्रियापदांच्या शेवटचा ‘ईडी’ तीन प्रकारे ऐकू येतो. ‘वॉश’, ‘आस्क’ यांच्यापुढे ‘ट’सारखा, ‘प्ले’, ‘क्लीन’ यांच्यापुढे ‘ड’सारखा, आणि फक्त ट-ड वर संपणाऱ्या ‘वाँट’, ‘नीड’ यांच्यापुढे वेगळा ‘इड’. ‘आस्केड’, ‘लुकेड’ असे उच्चार करणाऱ्यांचं निदान लिखाण शाबूत राहतं. उच्चार नीट पण लक्ष न देता करणाऱ्यांचा ‘ईडी’ कानावरून निसटतो आणि मग कागदावरूनही. म्हणून शुद्धलेखन तपासताना कानावर भरवसा ठेवू नका.

निळ्या चुका: सगळ्यात जास्त वेळ इथे

सुरुवात ‘होतो’पासून. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे गेलो, काम झालं, परतही आलो, विषय संपला. इंग्रजीत हे काम साधा पास्ट करतो: ‘आय वेंट टु पुणे यस्टर्डे’. ‘हॅड गॉन’ वापरायला भूतकाळातलीच दुसरी, नंतरची घटना लागते. परीक्षा सोपी: वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर देता आलं नाही तर ‘हॅड’ काढा. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घ्या. ‘डॉ. कोटणीस वेंट टु चायना इन 1938 अँड डाइड देअर इन 1942.’ दोन घटना ओळीने आल्या, ‘हॅड’ची गरज नाही. पण ‘व्हेन ही डाइड, ही हॅड बीन इन चायना फॉर ओव्हर फोर यिअर्स.’ इथे मृत्यूच्या क्षणावर उभं राहून मागे पाहिलंय, म्हणून ‘हॅड बीन’. गोष्ट सांगताना प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ आला तर वाचणाऱ्याला कुठल्याच क्षणावर उभं राहता येत नाही.

दुसरा दगा ‘आहे’चा. ‘मी कालच आलोय’ हे मराठीत बिनतक्रार चालतं. ‘आय हॅव कम यस्टर्डे’ चालत नाही. संपलेल्या वेळेचं नाव घेतलं, मग ते ‘यस्टर्डे’ असो, ‘इन 2019’ असो की ‘व्हेन आय वॉज इन स्कूल’, की प्रेझेंट परफेक्ट बाद. ‘द युनिव्हर्सिटी वॉज रिनेम्ड इन 2019’. ‘हॅज बीन रिनेम्ड इन 2019’ नाही. साल काढून टाकलं आणि आजशी संबंध ठेवला तर मात्र ‘द युनिव्हर्सिटी हॅज बीन रिनेम्ड’ अगदी बरोबर. म्हणजे आधी वेळेचा शब्द शोधायचा आणि मगच क्रियापद ठरवायचं. उलट क्रमाने गेलं की गडबड होते.

तिसरा ‘पासून’. मराठीत ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2015 पासून’ दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कधीपासून ते सांगायला ‘सिन्स’. शिवाय मराठी क्रियापद वर्तमानात असतं, ‘मी दहा वर्षांपासून सोलापुरात राहतो’, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स टेन यिअर्स’ हे दुहेरी चुकीचं वाक्य जन्माला येतं. बरोबर: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन सोलापूर फॉर टेन यिअर्स.’ वाक्यात ‘पासून’ दिसलं की वर्तमानकाळ बंद आणि ‘हॅव’ सुरू, एवढी एक सवय लावली तरी निळ्या खुणा बऱ्याच कमी होतात.

‘हॅव बीन रायटिंग’ आणि ‘हॅव रिटन’ यांत आकडा निकाल देतो. किती झालं ते सांगायचं तर ‘आय हॅव रिटन थ्री असाइनमेंट्स’. किती वेळ चाललंय ते सांगायचं तर ‘आय हॅव बीन रायटिंग सिन्स मॉर्निंग’. ‘हॅव बीन रायटिंग थ्री असाइनमेंट्स’ लिहिलं तर तिन्ही अजून अर्धवट आहेत असं वाटतं.

‘मला समजतंय’, ‘मला माहीत आहे’ वरून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नोइंग’ होऊ देऊ नका. ‘नो, अंडरस्टँड, बिलाँग, ओन, कन्सिस्ट’ ही स्थिती सांगणारी क्रियापदं. ती चालू काळात सहसा जात नाहीत. ‘हॅव’ आणि ‘थिंक’ मात्र अर्थ बदलून जातात: ‘आय हॅव अ बायसिकल’, पण ‘वी आर हॅविंग लंच’, ‘आय थिंक ही इज राइट’, पण ‘आय ॲम थिंकिंग ऑफ जॉइनिंग एमए’. बी-टूच्या परीक्षेत नेमके हेच विचारतात.

भविष्याचा सापळा छोटा आहे, पण पक्का. ‘तू येशील तेव्हा’ वरून ‘व्हेन यू विल कम’. इंग्रजीत ‘व्हेन, अंटिल, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज’ वेळ सांगत असतील तर त्या भागात ‘विल’ येत नाही: ‘व्हेन यू कम, आय विल शो यू.’ प्रश्नात मात्र येतो, ‘व्हेन विल यू कम?’, आणि त्यामुळेच गोंधळ वाढतो.

आता थोडं थांबायचं, कारण पुढचा भाग मराठी माणसासाठी खरं तर सोपा आहे आणि तरी तो अवघड करून शिकवला जातो. मोडल परफेक्टचे, म्हणजे ‘मस्ट हॅव कम’सारख्या रूपांचे, तक्ते विसरा. आपल्याकडे ‘अस’चा पूर्ण संच तयार आहे, आणि तो इंग्रजीशी जवळजवळ एकास एक जुळतो. ‘आली असेल’ म्हणजे ‘माइट हॅव कम’. ‘आली असणार’ म्हणजे ‘मस्ट हॅव कम’. ‘आली असती’ म्हणजे ‘वुड हॅव कम’. ‘यायला हवी होती’ म्हणजे ‘शुड हॅव कम’. ‘येऊ शकली असती’ म्हणजे ‘कुड हॅव कम’. समजा मैत्रीण हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालीय आणि तिचा फोन लागत नाही. ‘शी मस्ट हॅव बोर्डेड द ट्रेन.’ ‘शी माइट हॅव मिस्ड इट.’ ‘शी शुड हॅव टेक्स्टेड मी.’ ‘शी वुड हॅव कॉल्ड इफ शी हॅड मिस्ड इट.’ एकच प्रसंग घेऊन अशी सहा-सात वाक्यं आधी मराठीत बोलायची, मग इंग्रजीत. धडा वाचण्यापेक्षा याने लवकर बसतं.

या संचात एकच जागा फसवी आहे. ‘ती घरी असणार’ म्हणजे ‘शी मस्ट बी ॲट होम’, म्हणून ‘ती घरी नसणार’ म्हणजे ‘शी मस्टन्ट बी ॲट होम’ असं वाटतं. ‘मस्टन्ट’ म्हणजे मनाई. तर्काचा नकार ‘कान्ट’ने होतो: ‘शी कान्ट बी ॲट होम’, ‘शी कान्ट हॅव मिस्ड इट’. तसंच ‘असणार’चं ‘विल’ करायची घाई नको. ‘तो आता वाचनालयात असणार’ हा अंदाज आहे, योजना नव्हे.

जर-तरमध्ये मराठी दोन्हीकडे ‘असता’ लावते: ‘पाऊस पडला असता तर ज्वारी आली असती.’ म्हणून इंग्रजीतही ‘वुड हॅव’ दोनदा येतो, ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’. नियम असा की ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ बसत नाही: ‘इफ इट हॅड रेन्ड इन सप्टेंबर, द ज्वारी क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ पहिल्या ‘असता’ला ‘हॅड’, दुसऱ्याला ‘वुड हॅव’. मिक्स्ड कंडिशनल म्हणजे कारण भूतकाळात आणि फळ आज: ‘इफ आय हॅड टेकन द एसटी पास इन जून, आय वुडन्ट बी बाइंग अ तिकिट एव्हरी मॉर्निंग.’ वाक्यात ‘आज’, ‘आता’ हे शब्द मनात आले की दुसऱ्या भागातला ‘हॅव’ गळतो. वाचताना ‘ही’ड’ असं आखूड रूप दिसलं तर पुढचं क्रियापद पाहा. तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, पहिलं असेल तर ‘वुड’. अपवाद एकच लक्षात ठेवा, ‘यू’ड बेटर गो’मध्ये तो ‘हॅड’ असतो.

रिपोर्टेड स्पीचमध्ये सर्वनाम जास्त घात करतं, काळ कमी. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यात ‘मी’ म्हणजे तोच. ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ यात ‘आय’ म्हणजे लिहिणारा. ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ आणि आतला प्रश्न सरळ वाक्यासारखा लिहायचा: ‘आय डोन्ट नो व्हेअर द लायब्ररी इज’, ‘व्हेअर इज द लायब्ररी’ इथे नाही.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याचं एक रूप राहिलं. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर स्वतः कात्री चालवली. न्हाव्याकडून कापून घेतले तर ‘आय हॅड माय हेअर कट’. मराठीतलं ‘करून घेतलं’ म्हणजे ‘हॅड’, मग वस्तू, मग तिसरं रूप. टॉवेलवर नाव विणून घेणाऱ्या हॉटेलचं वाक्य: ‘द होटेल हॅड इट्स नेम वोव्हन इन्टु द टॉवेल्स.’ वस्तूऐवजी माणूस आला की रूप बदलतं: ‘हॅड हिम रिपेअर इट’, पण ‘गॉट हिम टु रिपेअर इट’. ‘गॉट’ला ‘टु’ लागतो, ‘हॅड’ला लागत नाही.

हिरव्या चुका: शब्दकोश उघडा, पण योग्य तो

इंग्रजी-मराठी कोशात ‘सजेस्ट’पुढे ‘सुचवणे’ एवढंच मिळतं. त्यापुढे काय येतं ते मिळत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा. त्यात प्रत्येक क्रियापदाचा साचा आणि उदाहरण दिलेलं असतं. अर्थ वाचून कोश मिटू नका, उदाहरणाचं वाक्य पूर्ण उतरवा.

नेहमी चुकणारे साचे थोडेच आहेत. ‘एक्स्प्लेन मी’ नाही, ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘सजेस्टेड मी टु अप्लाय’ नाही. ‘सजेस्टेड अप्लाइंग’ किंवा ‘सजेस्टेड दॅट आय अप्लाय’. ‘सेड मी’ नाही. ‘टोल्ड मी’ किंवा ‘सेड टु मी’. ‘वॉज हॅपन्ड’, ‘वॉज ऑकर्ड’ कधीच नाही. घडणे, दिसेनासे होणे, बनलेले असणे या क्रियापदांना कर्म नसतं, त्यामुळे पॅसिव्हही नसतं. ‘झाला होता’मधला ‘होता’ ‘वॉज’ नसतो.

‘टु’नंतर मूळ रूप की ‘इंग’ हे ठरवायची एक युक्ती: ‘टु’नंतर ‘इट’ (‘ते’ या अर्थाचं सर्वनाम) ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टु इट’ जमतं, म्हणून ‘लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू’. ‘आय वाँट टु इट’ जमत नाही, म्हणून ‘वाँट टु मीट’. याच युक्तीने ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली’ (सवय आहे) आणि ‘आय यूज्ड टु गेट अप अर्ली’ (पूर्वी उठत असे) वेगळे होतात. ‘स्टॉप, रिमेंबर, ट्राय’ यांच्यात दोन्ही बसतात आणि अर्थ पालटतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे सोडली. ‘ही स्टॉप्ड टु स्मोक’ म्हणजे ओढायला थांबला. या तिन्हींची दोन-दोन वाक्यं स्वतःच्या दिवसातून बनवा.

फ्रेझल व्हर्बची, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारख्या जोडशब्दी क्रियापदांची, दोनशेची यादी पाठ करणं वाया जातं. वाचनात भेटलेली आठवड्याला पाच पुरेत. प्रत्येकासोबत एक गोष्ट तपासा, मध्ये काही बसतं का. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की ते मध्येच: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर हिम’मध्ये मात्र मध्ये काही बसत नाही.

आठवडा कसा लावायचा

दिवसाला 45 मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. सोमवारी 100 ते 120 शब्दांचा चांगला इंग्रजी उतारा घ्या: वर्तमानपत्रातली बातमी, सामान्य वाचकासाठी लिहिलेला विज्ञानाचा लेख. अग्रलेख आणि कविता नको, तिथे वाक्यं मुद्दाम वळवलेली असतात. त्यातली क्रियापदं अधोरेखित करा आणि सगळा उतारा मराठीत उतरवा. मूळ बंद करून ठेवा. बुधवारी मराठीवरून पुन्हा इंग्रजी करा, मग मूळ शेजारी ठेवून फक्त क्रियापदं ताडून पाहा. सोळाव्या शतकात इंग्लंडात लॅटिन शिकवायला हीच दुहेरी भाषांतराची रीत सांगितली जायची, आणि क्रियापदाच्या निवडीसाठी तिच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

ती फसते ती तीन जागी. मराठी भाषांतर इंग्रजी वळणाचं केलं, ‘त्याने निर्णय बनवला’ असं, तर परत येताना सगळं आपोआप बरोबर येतं आणि काही शिकणं होत नाही. घरी बोलता तसं मराठी लिहा. अंतर एका तासाचं ठेवलं तर तुम्ही आठवणीतून लिहिता. आठवड्याचं ठेवलं तर संदर्भच निसटतो. दोन दिवस बरे. आणि मुळापेक्षा वेगळं आलेलं प्रत्येक रूप चूक नसतं. शंका असलेली बाजूला लिहून तासाला विचारा.

चुकांची वही चार रकान्यांची: चुकलेलं वाक्य, त्यामागचं मराठी वाक्य, दुरुस्त वाक्य, आणि त्याच साच्याचं स्वतःचं नवं वाक्य. दुसरा रकाना सगळेजण गाळतात. नेमका तोच कामाचा, कारण दहा-बारा नोंदींनंतर ‘होतो’, ‘पासून’, ‘असता’ हेच चेहरे पुन्हा दिसायला लागतात. उजळणी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. डावे दोन रकाने झाका म्हणजे परीक्षा नाही होत. उजवे दोन झाका आणि दुरुस्त वाक्य लिहा.

अक्कलकोट, मोहोळ, बार्शीहून रोज येणाऱ्यांनी एसटीतला वेळ वहीत घालवू नये, गाडीच्या धक्क्यांत अक्षर लागत नाही. त्या वेळात ‘अस’चा संच तोंडाने फिरवा. खिडकीतून दिसलेल्या एका माणसावर तीन अंदाज: ‘ही मस्ट बी वेटिंग फॉर समवन’, ‘ही माइट हॅव मिस्ड हिज बस’, ‘ही कान्ट बी अ स्टुडंट’.

बोलायला जोडीदार घ्यायचा तर शक्य असल्यास वेगळ्या घरभाषेचा घ्या. सोलापुरात ते अवघड नाही, एकाच बाकावर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरं बसलेली असतात. अडचण एवढीच की सगळ्यांना सोलापुरी मराठी येते आणि तिसऱ्या मिनिटाला गप्पा तिकडे वळतात. म्हणून दहाच मिनिटं, घड्याळ लावून, आणि एकाच काळात: एकाने ‘डिड यू’ने विचारायचं, दुसऱ्याने साध्या पास्टमध्ये सांगायचं, ‘हॅड’ आला की विचारणाऱ्याने ‘बिफोर व्हॉट?’ म्हणून अडवायचं.

मोबाईलवरच्या दुरुस्तीच्या साधनांना पूर्ण वाक्य सुधारायला सांगू नका. सुधारलेलं छान दिसतं, आपण ते उतरवतो आणि चूक डोक्यात तशीच राहते. ‘चूक कुठे आहे एवढंच दाखव’ असं सांगा आणि दुरुस्ती स्वतः करा.

पेपरमध्ये

‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये आधी कंसातली सूचना वाचा, मग वेळेचा शब्द शोधा, शेवटी क्रियापदाला हात लावा. पॅसिव्ह करताना कर्म आहे का ते पाहा. ‘पीपल से दॅट ही इज रिच’ची दोन रूपं होतात, ‘इट इज सेड दॅट ही इज रिच’ आणि ‘ही इज सेड टु बी रिच’. गोष्ट मागची असेल तर दुसऱ्यात ‘टु हॅव बीन’.

निबंधासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि सगळं एकदम तपासू नका. पहिल्या फेरीत फक्त ‘डिड’ आणि ‘डझ’नंतरचं क्रियापद आणि ‘ही-शी-इट’पुढचा ‘एस’. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ‘हॅड’पाशी ‘कशाच्या आधी?’ तिसऱ्या फेरीत ‘सिन्स’, ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांच्या शेजारचं क्रियापद. वेळ उरला तर ‘सजेस्ट’, ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्कस’ कुठे आलेत ते शोधा. स्पेलिंग सगळ्यात शेवटी.